मुख्य अर्जदार

"सरक, मी भरतो," असं त्रुटीसाहेब एका रविवारी सकाळी बायकोला म्हणाले आणि तिच्यासमोरचा लॅपटॉप त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतला. झालं ते एवढंच. पण या तीन शब्दांपायी दोघांवर गाशा गुंडाळायची वेळ आली होती, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

त्रुटीसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते कचेरीने बहाल केलेलं. एकतीस वर्षं ते आस्थापना विभागात होते, आणि रजेचा, बदलीचा, पेन्शनचा असा एकही अर्ज त्यांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत पुढे सरकला नव्हता. समास बोटभर कमी सोडलाय, सही ओळीच्या जरा वर गेलीय, 'मा.' नंतरचं टिंब राहिलंय, काही ना काही त्यांना सापडायचंच. "त्रुटींची पूर्तता करून पुन्हा सादर करावे" हा शेरा ते इतक्या सुबक अक्षरात लिहीत, की अर्ज परत आलेला माणूस आधी अक्षराकडे बघत राही आणि मग शिव्या देई.

असा माणूस परदेशात काय करत होता? तर बायकोच्या मागून आला होता. बायको कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेली, घर मोकळं झालं, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईंनी जाहीर केलं, "मी पीएचडी करणार. परदेशात. गोगलगाईंवर." त्रुटीसाहेब दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी तिच्या प्रवेशाचं पत्र आलं. त्यांनी ते उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, त्रुटी नव्हती. मग त्यांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली आणि बॅगा भरल्या.

तिचा विद्यार्थी व्हिसा, आणि तिच्या व्हिसावर यांचा. यांच्या ओळखपत्रावर मोठ्या अक्षरात 'डिपेंडंट' छापलेलं होतं. (पाकिटात ते कार्ड ते नेहमी उलटं ठेवत. फोटो दिसला नाही तरी चालेल, पण तो शब्द नको.) साडेतीन वर्षं त्यांनी स्वयंपाक केला, कपडे धुतले, इस्त्री केली, कचरा तीन रंगांच्या तीन डब्यांत बिनचूक वेगळा केला. तक्रार केली नाही. पण आपल्या एकतीस वर्षांच्या तपश्चर्येचा इथे कोणाला उपयोग नाही, हे शल्य होतंच. तेवढ्यात व्हिसा संपायला दोन महिने उरले, प्रबंधाला अजून आठ लागणार होते, आणि मुदतवाढीचा फॉर्म भरायची वेळ आली. फॉर्म! त्रुटीसाहेबांच्या बोटांना मुंग्या आल्या.

"अहो, भरा, पण पाठवायच्या आधी एकदा मला दाखवा," बायको म्हणाली.

"एकतीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत पाठवलेत. माझा अर्ज तू तपासणार?"

"तुमचा नाही, आपला."

"तेच ते."

बायको हसली आणि प्रयोगशाळेत निघून गेली. गोगलगाईंना रविवार नसतो.

तिथल्या नियमाप्रमाणे सबंध कुटुंबाचा एकच फॉर्म होता. पहिलं पान 'मुख्य अर्जदार'. त्रुटीसाहेबांनी क्षणाचाही विचार न करता स्वतःचं नाव घातलं. आता यात त्यांचा दोष म्हणावा तर त्यांच्या बोटांचा. रेशनकार्डापासून जनगणनेपर्यंत पहिल्या रकान्यात कुटुंबप्रमुख म्हणून तेच नाव लिहायची त्या बोटांना जन्माची सवय. दुसरं पान 'सोबतचे कुटुंबीय', तिथे बायको. तिसरं पान 'अभ्यासाचा विषय'. कोणाच्या अभ्यासाचा हे काही तिथे विचारलं नव्हतं. त्यांनी लिहिलं: गोगलगाईंची परत घरी येण्याची क्षमता. मग त्यांनी सगळा अर्ज तीन वेळा तपासला. स्वल्पविराम पाहिले, पिनकोड पाहिला, फोटोतल्या कानांची उंची सारखी आहे का तेही पाहिलं, आणि समाधानाने बटण दाबलं.

बाराव्या दिवशी पोस्टाने पत्र आलं.

"प्रिय संशोधक," असं त्यात त्रुटीसाहेबांना लिहिलं होतं. "गोगलगाईंवरील आपल्या संशोधनाची आम्ही नोंद घेतली आहे. मुदतवाढ का हवी हे समजून घेण्यासाठी आपण सव्वीस तारखेला मुलाखतीस यावे. आपल्यावर अवलंबून असलेल्या पत्नीने येण्याची गरज नाही."

त्रुटीसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग ते इस्त्रीच्या टेबलावर बसले. टेबल घडीचं होतं, ते त्यांच्यासकट खाली बसलं.

जमिनीवरूनच त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, आई म्हणाली होती ना, दाखवा म्हणून?" सगळं ऐकून मुलगी म्हणाली.

"म्हणाली होती."

"मग आता आईला सांगा."

"सांगणारच आहे. आधी निस्तरतो, मग सांगतो. जाऊन समजावून सांगायचं, बास. क्षुल्लक त्रुटी आहे."

"आणि तिथे त्यांनी गोगलगाईंबद्दल काही विचारलं तर?"

हे मात्र त्रुटीसाहेबांच्या डोक्यात आलं नव्हतं. साडेतीन वर्षं बायको गोगलगाईंबद्दल बोलत होती आणि साडेतीन वर्षं ते "हं" म्हणत होते. त्या सगळ्या हुंकारांतून त्यांच्याकडे एवढीच माहिती जमा झाली होती की गोगलगाय सावकाश चालते. मुलाखत घेणाऱ्याने साधा प्रश्न विचारला आणि आपण तोंड उघडं टाकून बसलो, तर 'चूक झाली' हेसुद्धा कोणाला खरं वाटणार नाही. थोडी जुजबी तयारी हवी.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणतायत तुझ्या गोगलगाई?"

बायकोने चमचा खाली ठेवला. मग उठून तिने त्यांच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाहीये मला."

"मग?"

"सहज. म्हणजे त्या परत कशा येतात? त्यांना वाट कशी कळते?"

बायको खुर्चीत नीट बसली. आधी जपून बोलली, मग मोकळी झाली, आणि शेवटी हाताने ताटलीत वाटा काढून दाखवायला लागली. गोगलगाईंच्या पाठीवर ती नेलपॉलिशचे ठिपके देते. लाल, हिरवा, पिवळा, ज्याचा त्याचा नंबर. मग त्यांना विद्यापीठाच्या बागेतल्या भिंतीपासून मोजून लांब सोडते. आणि त्या परत येतात. सगळ्या नाही, पण बहुतेक येतात. आपल्याच भिंतीला, आपल्याच भेगेत. "फक्त सतरा नंबर," ती म्हणाली. "तो दर वेळी निघतो जोरात, आणि अगदी विश्वासाने चुकीच्या भिंतीला जाऊन बसतो."

"का?"

"ते कळलं असतं तर प्रबंध केव्हाच झाला असता!"

जेवण गार झालं तरी दोघं उठले नाहीत.

त्यानंतरचे दोन आठवडे त्या घरात निराळेच गेले. त्रुटीसाहेब तिचे लेख वाचायला लागले. कळेना तिथे पेन्सिलीने खूण करायला लागले. (दोन ठिकाणी त्यांनी छपाईच्या चुकाही काढल्या, तिने त्या कौतुकाने मान्य केल्या.) एक दिवस डबा द्यायला म्हणून प्रयोगशाळेत गेले आणि नेलपॉलिशचे ठिपके देऊन आले. त्यांचा हात स्थिर आणि अक्षर सुबक, त्यामुळे ठिपके सुरेख यायचे. बायको फोनवर बहिणीला सांगताना त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलं, "अगं, लग्नाला चोवीस वर्षं झाली, आणि आत्ता हे माझ्या कामाबद्दल विचारायला लागलेत. मला तर रडूच आलं."

त्रुटीसाहेबांच्या हातातली किसणी थांबली. पत्र कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली होतं. आत्ता सांगून टाकावं असं त्यांना फार वाटलं. पण बायको गुणगुणत होती, आणि गुणगुणणाऱ्या माणसाला असं काही सांगता येत नाही. त्यांनी उरलेलं गाजर किसलं.

सव्वीस तारीख उजाडली. त्रुटीसाहेबांनी भाजी आणायला जातो म्हणून सांगितलं आणि फाइल भाजीच्या पिशवीत घालून व्हिसा कचेरी गाठली. टोकनचं यंत्र, एकमेकींना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ. कचेरीचा तो कागदी वास नाकात गेला तसा त्यांना धीर आला.

खोलीत एक शिडशिडीत बाई बसल्या होत्या. एक चष्मा नाकावर, दुसरा केसांत. त्रुटीसाहेबांनी घरून घोकून आणलेलं वाक्य काढलं. (बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. साहेबांचं इंग्रजी 'आपणास सविनय कळविण्यात येते की' या वळणाचं. ते जसंच्या तसं इथे दिलं तर ऐकणारा उठून जाईल.)

"मॅडम, माझ्या अर्जात एक किरकोळ..."

"तुमचा अर्ज?" बाई म्हणाल्या. "इतका स्वच्छ भरलेला अर्ज मी वर्षभरात पाहिला नाही. एक रकाना रिकामा नाही. एक खाडाखोड नाही."

एकतीस वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. त्रुटीसाहेब विरघळले. घोकलेलं वाक्य अर्धंच राहिलं.

"मला सांगा," बाईंनी विचारलं, "या गोगलगाई खरंच परत येतात? माझ्या बागेतली पानं खातात हो. मी रोज उचलून कुंपणापलीकडे टाकते."

आता कोणी आपल्याला येत असलेलाच प्रश्न विचारला, तर माणसाने गप्प कसं बसावं? त्रुटीसाहेब सांगायला लागले. "कुंपणापलीकडे टाकून उपयोग नाही, मॅडम. सकाळपर्यंत हजर होतील. चांगल्या पन्नास पावलांवर नेऊन सोडा." मग चिकट वाटेचं सांगितलं, ओलाव्याचं सांगितलं, ठिपक्यांचं सांगितलं. सतरा नंबरचं सांगताना तर त्यांनी फाइल म्हणजे भिंत आणि पेन म्हणजे गोगलगाय करून दाखवलं. बाईंनी पन्नास पावलांची नोंद वहीत करून घेतली, शिक्का उचलला, आणि मग अर्जाचं दुसरं पान उलटलं.

"एक मात्र गडबड दिसते," त्या म्हणाल्या. "तुमच्या पत्नी डिपेंडंट आहेत, आणि तरी त्यांच्याकडे प्रयोगशाळेचं प्रवेशपत्र आहे. त्या रोज जातात. हे नियमात बसत नाही. मी आजच विद्यापीठाला कळवून ते बंद करते."

"बंद?" त्रुटीसाहेब ताडकन उठले. "अहो, ती जाणारच! गोगलगाई तिच्या आहेत!"

"तुमच्या गोगलगाई तिच्या?"

"माझ्या नाहीतच. मी डिपेंडंट आहे."

"कोणावर?"

"तिच्यावर."

"आणि ती?"

"ती गोगलगाईंवर."

बाईंनी नाकावरचा चष्मा काढून केसांत घातला आणि केसांतला नाकावर घेतला. त्रुटीसाहेबांनी घाम पुसत सगळं सांगितलं. कुटुंबप्रमुख, रेशनकार्ड, बोटांची सवय, काहीही शिल्लक ठेवलं नाही.

"म्हणजे तुम्ही विद्यार्थी नाही."

"नाही."

"मग एवढं सगळं तुम्हाला येतं कसं?"

"बायकोने सांगितलं."

"बायकोने सांगितलं," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि नवऱ्याने ते सगळं ऐकलं. आणि लक्षातही ठेवलं."

"होय."

"मिस्टर, माझंही लग्न झालेलं आहे."

त्यांनी शिक्का खणात ठेवला आणि खण बंद केला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. व्हिसासाठी कागदोपत्री लग्न लावणारी जोडपी पुष्कळ येतात. ती अशीच पाठ करून येतात. गुरुवारी दोघांनी यायचं, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत प्रश्न विचारले जातील. लग्न खरं वाटलं तर अर्ज दुरुस्त होईल. नाही वाटलं, तर दोघांनीही पंधरा दिवसांत देश सोडायचा.

"पण तिचा प्रबंध! साडेतीन वर्षांचं काम आहे तिचं."

"गुरुवारी," बाई म्हणाल्या. "दहा वाजता."

त्रुटीसाहेब भाजी न घेताच घरी आले. बायको दारातच भेटली. या वेळी मात्र त्यांनी काहीही निस्तरायचं ठरवलं नाही. पिशवीतून फाइल काढली, कपड्यांखालचं पत्र काढलं आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवून सगळं सांगून टाकलं.

बायकोने ऐकून घेतलं. ती रागावेल, फाइल फेकेल, याची त्यांनी तयारी ठेवली होती. तिने तसलं काही केलं नाही. बराच वेळ ती पत्राची घडी उलगडत आणि घालत राहिली.

"म्हणजे ते विचारणं," ती म्हणाली, "ते सगळं या मुलाखतीसाठी होतं."

"सुरुवातीला."

"ठिपकेसुद्धा?"

"ठिपके नाही. आणि सतरा नंबरही नाही. मंगळवारी तू मीटिंगला गेलीस ना, तेव्हा मी बागेत जाऊन आलो. तो पुन्हा त्या दुसऱ्या भिंतीवर होता. मी उचलून आपल्या भिंतीला लावणार होतो, पण म्हटलं, तुझे आकडे बिघडतील."

बायकोने वर पाहिलं. "हात नाही ना लावलात?"

"शप्पथ नाही."

ती उठली, कपाटाशी गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, "गुरुवारी निळा शर्ट घाला. पांढऱ्याच्या कॉलरला डाग आहे." चोवीस वर्षांच्या अनुभवावरून त्रुटीसाहेबांना एवढं कळलं की फाशी तूर्त पुढे ढकललेली आहे.

"आपण थोडी तयारी करूया का?" त्यांनी भीत भीत विचारलं. "एकमेकांना प्रश्न विचारून?"

"आता तुम्ही कसलीही तयारी करायची नाही," बायको म्हणाली.

गुरुवारी दहा वाजता दोघांना दोन खोल्यांत बसवलं. बाईंनी आधी बायकोला वीस प्रश्न विचारले, मग तोच कागद घेऊन त्या त्रुटीसाहेबांकडे आल्या. त्यांना वाटलं होतं, लग्नाची तारीख वगैरे विचारतील. पहिलाच प्रश्न आला, "तुमच्या पत्नीच्या दात घासायच्या ब्रशचा रंग कोणता?"

त्रुटीसाहेबांनी डोळे मिटले. न्हाणीघर दिसलं, आरसा दिसला, आरशात स्वतःचा चेहरा दिसला. ब्रश दिसेना.

"पांढरा?"

"त्या चहात साखर किती घेतात?"

(चहा रोज हेच करत होते.) "मी एकदम पातेल्यात घालतो. तिने कधी काही म्हटलं नाही."

"त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो. त्या सांगून थकल्या. चपलेचं माप?"

"मध्यम."

"त्यांच्या डाव्या हातावर एक जुनी खूण आहे, ती कशाची?"

"डाव्या?"

"लहानपणापासून त्यांना कशाची भीती वाटते?"

"माझी नाही, एवढं नक्की."

"मागच्या वाढदिवसाला तुम्ही त्यांना काय दिलंत?"

इथे त्रुटीसाहेब एकदम सावरून बसले. "इस्त्री!" ते म्हणाले. "वाफेची."

"ती वापरतं कोण?"

"मी."

बाई खाली मान घालून बराच वेळ लिहीत होत्या. त्रुटीसाहेबांना कचेरीतली आपली खुर्ची आठवली, समोर उभे राहणारे लोक आठवले, आणि त्या सगळ्यांची एकगठ्ठा माफी मागावी असं त्यांना वाटलं. आपलं काय व्हायचं ते होवो. पण तिकडे शेजारच्या खोलीत साडेतीन वर्षांचं काम भिंतीला टेकून बसलं होतं, आणि आपल्याला तिच्या ब्रशचा रंग सांगता आला नव्हता.

शेवटी बायकोला आत बोलावलं. दोघं शेजारी बसले. त्रुटीसाहेबांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"तुमची उत्तरं," बाई बायकोला म्हणाल्या, "वीसच्या वीस बरोबर. यांचं बनियन कोणत्या बाजूने उसवलंय तेसुद्धा मी तपासून घेतलं." मग त्या त्रुटीसाहेबांकडे वळल्या. "तुमची दोन बरोबर. त्यातलं एक तुमच्या मुलीचं नाव."

"आणि दुसरं?" बायकोने विचारलं.

"इस्त्री."

बायकोने डोळ्यांवर हात घेतला.

"मॅडम," त्रुटीसाहेब उठून उभे राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी अर्जदाराच्या आवाजात विनंती केली. "त्रुटी सगळ्या माझ्या आहेत. मला पाठवा परत. पण तिला आठ महिने द्या. ती खरी विद्यार्थी आहे. तिचं काम खरं आहे."

"बसा," बाई म्हणाल्या. "मी अठरा वर्षं हे काम करतेय. खोटी जोडपी मी लांबून ओळखते. त्यांना सगळं पाठ असतं. ब्रशचा रंग विचारला तर कंपनीसकट सांगतात. चपलेचं माप सांगतात, आवडतं फूल सांगतात, एकमेकांच्या आत्याबाईंची नावं सांगतात. चोवीस वर्षं एका घरात राहून इतकी चुकीची उत्तरं देणं कोणत्याही भामट्याला जमणार नाही. त्याला खराच नवरा लागतो."

आणि त्यांनी खण उघडून शिक्का काढला. बायकोच्या कागदावर एक, त्रुटीसाहेबांच्या कागदावर एक. पहिल्या पानावरचं नाव खोडून तिथे बायकोचं घातलं, आणि मुदतवाढ आठऐवजी दहा महिन्यांची दिली.

फक्त मंजुरीचं कारण लिहिणं नियमाप्रमाणे आवश्यक होतं. ते बाईंनी लिहिलं, आणि कागद त्रुटीसाहेबांपुढे सरकवला. त्यांनी सवयीने टिंबं, स्वल्पविराम, समास सगळं तपासलं. एकही चूक नव्हती. तिथे लिहिलं होतं: "पतीचे अज्ञान तपासले. अस्सल आहे."

खाली साक्षीदाराची सही लागत होती. ती बायकोने केली, अगदी आनंदाने, आणि पूर्ण नावानिशी.